बसचं शेपूट

निकाल लागला त्या दिवशी पेढे आणायला सुबोध स्वतः गेला. दुकानदाराला कारणही त्यानेच सांगितलं, "बायकोचं डिझाइन पहिलं आलं. बोरिवलीला नवीन बस टर्मिनल होतंय ना, त्याचं." दुकानदार म्हणाला, "मग एक किलोत काय होणार? दोन घ्या!" सुबोधने हसून दोन किलो घेतले. ती पिशवी घेऊन कांदिवलीच्या भर बाजारातून घराकडे चालताना त्याच्या मनात काय चाललं होतं, ते एक त्यालाच ठाऊक.

त्याच स्पर्धेत त्याचंही डिझाइन होतं. ते पहिल्या पाचातसुद्धा आलं नव्हतं.

सुबोध पराडकर आर्किटेक्ट होता. जोगेश्वरीला दोन खोल्यांचं ऑफिस, हाताखाली एक ड्राफ्ट्समन, आणि काम म्हणाल तर सोसायट्यांची गळती, जिन्यांची दुरुस्ती, कुठे नगरसेवकाच्या ओळखीने मिळालेला एखादा बसथांबा. पण त्याच्या मनात लहानपणापासून एकच गोष्ट घर करून बसली होती. वडील गिरणीत होते. मे महिन्यात आणि गणपतीत गावी मालवणला जायचं, तर सगळं बिऱ्हाड एसटी स्टँडवर तासन् तास ट्रंकेवर बसून असायचं. गाडी कुठे लागणार ते कोणाला माहीत नसायचं. घोषणा कळायची नाही. आई संडासला जायचं टाळायची, कारण तेवढ्यात गाडी आली तर? कॉलेजात शेवटच्या वर्षी सगळ्यांनी म्युझियमं आणि विमानतळ निवडले, सुबोधने बसस्थानक निवडलं. त्याचे गुरू चंद्रप्रकाश सर तेव्हा सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "पराडकर, या शहराला चांगलं बसस्थानक एक दिवस तूच देणार." ते वाक्य त्याने इतकी वर्षं जिवापाड जपलं होतं.

दीप्ती मुलुंडची. तीही आर्किटेक्टच, पण लग्नानंतर ती घरांच्या आतल्या कामात शिरली. कोणाचं किचन, कोणाचं कपाट, कोणाच्या म्हाताऱ्या सासऱ्यांसाठी बाथरूममध्ये दांडा. स्पर्धेची जाहिरात आली तेव्हा तिनेच विचारलं होतं, "सुबोध, आपण दोघं मिळून करू या?"

"अगं, हे किचन नाही," तो हसत म्हणाला होता. "बारा मीटरची बस वळवायची असते यात. ट्रॉली नाही."

तीही हसली. पण पुढच्या आठवड्यात तिने अपूर्वा नावाच्या जुन्या मैत्रिणीला बरोबर घेतलं आणि वेगळं नाव नोंदवलं. सुबोधला वाटलं, असू दे, हौस आहे तर करू दे.

आता घरात फोन थांबत नव्हता. कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "वहिनींनी बाजी मारली रे! तू काय, चहा देत होतास का?" खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. सुबोधनेही एक हसरं तोंड टाकलं. त्याची आई वनमाला खालच्या मजल्यावर पेढे वाटून आली आणि म्हणाली, "सुनेन माज्या नाव काढल्यान हां!" आणि संध्याकाळी चंद्रप्रकाश सरांचा फोन आला. सुबोध ताडकन उठून उभा राहिला.

"पराडकर, अभिनंदन! काय सुंदर काम केलंय रे तिने. मला जरा तिचा नंबर दे."

त्याने नंबर दिला.

सगळ्या प्रवेशिका प्रदर्शनात मांडल्या तेव्हा तो दीप्तीच्या नकाशांसमोर बराच वेळ उभा राहिला. तो शोधत होता. इतकी वर्षं जेवणाच्या ताटावर त्याने तिला बसस्थानकांबद्दल ऐकवलं होतं. त्यातलं काहीतरी तिने उचललं असणारच. एखादी रेघ, एखादी कल्पना. चोरी सापडली असती तर त्याचा जीव थंड झाला असता. पण काही सापडलं नाही. त्याच्या नकाशात होतं ते पंख पसरल्यासारखं मोठं छप्पर, पार रस्त्यावरून दिसणारं. दीप्तीच्या नकाशात छप्पर साधंच होतं. तिने माणसं बसवली होती. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला येणारी बस लांबूनच दिसेल असे बाक होते. बायकांचं स्वच्छतागृह मागे कोपऱ्यात न लपवता रांगेच्या डोळ्यांसमोर होतं, म्हणजे जाऊन येईपर्यंत नंबरही जाणार नाही आणि भीतीही वाटणार नाही. त्याला स्टँडवर अवघडून बसलेली आई आठवली. ट्रंकेवर तिच्या शेजारी तो बसला होता, दीप्ती नव्हे. मग हे त्याला कसं सुचलं नाही? शेजारून दोन पोरी बोलत गेल्या, "हे बघ ना, किती विचार केलाय," आणि सुबोधने मान दुसरीकडे वळवली.

त्यानंतर त्याला एक खोड लागली. दीप्ती काही बोलली की तो तिच्यात चुका शोधायचा. ती फोनवर कोणाशी 'आमचं टर्मिनल' म्हणाली तरी त्याला वाटायचं, झाला हिला गर्व. ती थकून लवकर झोपली तर वाटायचं, आता काय, मोठी माणसं. आणि ती नेहमीसारखीच वागली, त्याच्या डब्यात आठवणीने लोणचं घातलं, तर सगळ्यात जास्त राग यायचा. कारण मग राग धरायला जागाच उरायची नाही.

पावसाळा सरल्यावर बारीक नकाशांचं काम आलं. एका सकाळी दीप्तीने डायनिंग टेबलावरचे कप बाजूला सारून एक मोठा कागद पसरला.

"आज फायनल सेट जातोय. तू एकदा नजर टाक ना. बसच्या वळणातलं तुझ्याइतकं कोणाला कळतंय?"

सुबोध वाकला. पाच मिनिटं गेली असतील, नसतील, आणि त्याला ते दिसलं.

शेवटच्या थांब्याशी जागा कमी पडत होती म्हणून तिने फलाट आत वळवला होता. तिथून सुटताना ड्रायव्हरला स्टिअरिंग एकदम उजवीकडे कापावं लागणार होतं. आणि लांब बस उजवीकडे कापली की तिचं शेपूट डावीकडे झाडतं. मागच्या चाकांच्याही मागे जो पत्रा लोंबतो, तो फलाटाची कड ओलांडून आत फिरतो. ड्रायव्हर पुढे बघत असतो, त्याला ते दिसतही नाही. आणि दीप्तीने नेमकी तिथेच, त्या शेपटाच्या तडाख्यात, पुढच्या बसची रांग उभी केली होती.

त्याच्या अंगावर काटा आला, पण भीतीने नाही. कितीतरी महिन्यांनी त्याला बरं वाटलं होतं.

"काय रे? काही चुकलंय?"

त्याने कागदावरून वर पाहिलं. ती पेन्सिल हातात घेऊन उभी होती, तो सांगेल ते लिहून घ्यायला तयार.

"झकास आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"अगं, नक्की."

तिने सुटकेचा श्वास टाकला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कागदाची गुंडाळी केली.

ऑफिसला जाताना सुबोधने स्वतःची समजूत घातली. आपण कोण सांगणार? अपूर्वा आहे, सल्लागार आहेत, परिवहन खात्याचे इंजिनियर आहेत. कोणीतरी पकडेलच. आणि पकडलं की सगळ्यांना कळेल, किचन वेगळं आणि बस वेगळी. तो प्रसंगही त्याने मनात रंगवून ठेवला. साहेब नकाशावर बोट ठेवतायत, दीप्तीचा चेहरा उतरलाय, ती घरी येऊन म्हणतेय, "सुबोध, आता काय करू रे?" आणि तो मोठ्या मनाने पेन्सिल उचलतोय. रिक्षात बसल्या बसल्या त्याला हसू आलं.

पण कोणी पकडलंच नाही. नकाशे मंजूर झाले. उलट पेपरात दीप्ती आणि अपूर्वाचा फोटो आला आणि वनमालाबाईंनी तो कापून फ्रिजवर लावला. पाणी घ्यायला गेलं की फोटो समोर. सुबोध माठातलं पाणी प्यायला लागला.

खड्डे खणायला सुरुवात व्हायच्या आधी दीप्तीने एक हट्ट धरला. "कागदावर बस कधी अडत नाही. मला खरी बस फिरवून बघायचीय." मुलुंडला आगारामागचं मोकळं मैदान मिळालं. परिवहनचे इंजिनियर राजाराम मोहिते जरा कुरकुरले, पण तयार झाले. रविवारी सकाळी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून अख्खं टर्मिनल जमिनीवर उतरवलं. एक लांब लाल बस आली.

सुबोधही गेला. आपण का जातोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज ती चूक चारचौघांत उघडी पडणार होती, आणि त्याला ती पडताना बघायची होती. कडेच्या झाडाखाली सावलीत तो चहाचा कप घेऊन उभा राहिला.

बस पहिल्या थांब्याला लागली, सुटली. दुसऱ्याला लागली, सुटली. मोहित्यांनी मान डोलावली. मग बस शेवटच्या थांब्याकडे वळली, तेव्हा दीप्ती मोठ्याने म्हणाली, "आता रांगेसकट बघू या. आई, तुम्ही सगळे या इकडे."

सुबोधने चमकून पाहिलं. बिल्डिंगमधली पाच-सहा म्हातारी माणसं टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरत होती. दीप्तीने त्यांना मुद्दाम आणलं होतं, रांगेत उभं राहायला जागा पुरते का, रेलिंगला हात पोचतो का, ते बघायला. सगळ्यांत पुढे वनमालाबाई, नवी साडी नेसून, जणू लग्नालाच आल्यात. दीप्तीने त्यांचा हात धरून त्यांना पांढऱ्या रेघेच्या कडेला उभं केलं. बरोबर त्या जागी.

बस थांब्याला लागली. वनमालाबाई बसच्या मागच्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर होत्या आणि शेजारच्या बाईंना आपली बांगडी दाखवत होत्या. ड्रायव्हरने गिअर टाकला.

"थांबवा!"

सुबोधच्या हातातला कप कधी पडला ते त्याला कळलंही नाही. तो धावत होता. "थांबवा, बस थांबवा! आई, मागे हो! मागे!"

ड्रायव्हरने ब्रेकवर पाय दिला. सुबोधने आईला दंडाला धरून मागे खेचलं, ती जवळजवळ पडलीच. सगळे धावत आले. काय झालं, काय झालं? धापा टाकत सुबोध म्हणाला, "माणसं बाजूला घ्या. मग सोडा बस."

माणसं बाजूला झाली. बस हळूहळू सुटली, तोंड उजवीकडे वळलं आणि मागचा लाल पत्रा डावीकडे झाडत पांढरी रेघ ओलांडून आत शिरला. वनमालाबाई जिथे उभ्या होत्या, तिथली हवा कापत पुढे गेला.

मग मोहिते सुबोधकडे वळले. "पराडकर, काय नजर आहे हो तुमची! आमचे सगळे इंजिनियर झोपले आणि तुम्ही तिकडे झाडाखालून पकडलंत? नाही, तुम्हाला सल्लागार म्हणून घ्यायलाच हवं. मी उद्याच बोलतो."

हेच शब्द ऐकायला सुबोधचे कान इतकी वर्षं तरसले होते. लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते. तो दीप्तीकडे पाहत होता. ती बसकडे बघत नव्हती, रेघेकडे नाही, सासूकडेही नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

सगळे चहाला कँटीनमध्ये गेल्यावर ती त्याच्याजवळ आली.

"सुबोध, बस हलली नव्हती."

"काय?"

"तू ओरडलास तेव्हा बस जागची हलली नव्हती. चाक वळलं नव्हतं. तुला काय दिसलं?"

त्याने तोंड उघडलं. खोटं बोलायला काहीतरी सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही.

"त्या दिवशी सकाळी," ती म्हणाली. "मी कागद पसरला होता. तेव्हाच दिसलं होतं तुला."

"हो."

"आणि तू झकास म्हणालास."

तिचे डोळे भरून आले, पण आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"तू हरलास याचं मला वाईट वाटत होतं रे," ती म्हणाली. "मी घरात त्या कामाबद्दल कमी बोलायचे, तुला लागू नये म्हणून. अपूर्वा हसायची मला. आणि तू..." पुढचं वाक्य तिने सोडून दिलं. फक्कीने पांढरे झालेले हात ओढणीला पुसले आणि ती कँटीनकडे गेली.

भांडण झालं नाही. दीप्तीने घर सोडलं नाही, अबोला धरला नाही, भाजी काय आणायची ते विचारत राहिली. फक्त डायनिंग टेबलावर पुन्हा कधी नकाशा पसरला नाही. ती आणि अपूर्वा अंधेरीला अपूर्वाच्या ऑफिसात बसून शेवटचा थांबा नव्याने आखू लागल्या. सुबोधने एकदा विचारलं, "मी बघू का?" ती म्हणाली, "नको. जमलंय."

मोहित्यांचा फोन आला तेव्हा सुबोधने सल्लागाराचं काम नाकारलं. "मी त्या लायकीचा नाही," तो म्हणाला. मोहित्यांना तो विनय वाटला. दीप्तीला भेटल्यावर ते म्हणाले, "तुमचे मिस्टर म्हणजे देवमाणूस हो." तिने घरी येऊन हे शब्द त्याला जसेच्या तसे सांगितले आणि हातपाय धुवायला गेली.

पण खरा छळ आईचा होता. वनमालाबाई ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. वॉचमनला, दूधवाल्याला, भजनाच्या बायकांना. "माजो झील नसतो, तर आज तुमका माज्या फोटोक हार घालूचो लागलो असतो!" दर वेळी बस आणखी मोठी व्हायची, दर वेळी सुबोध आणखी लांबून धावत यायचा. दीप्ती समोर असली तर गप्प ऐकायची. कधी एका शब्दाने तिने सासूला खोडलं नाही. सुबोधला वाटायचं, हिने एकदा सांगून टाकावं. पण ती सांगणार नव्हती. ते काम तिने त्याच्यावर सोडलं होतं.

एका दुपारी गावाहून मामी आल्या होत्या. वनमालाबाईंनी पुन्हा सुरुवात केली. मामी गेल्यावर सुबोध आईसमोर खुर्ची ओढून बसला.

"आई, ती गोष्ट सांगू नकोस आता."

"कित्या? खोटी हा काय?"

"मला ते आधीच माहीत होतं. कागदावरच दिसलं होतं. दीप्तीने विचारलं होतं आणि मी सांगितलं नाही."

वनमालाबाईंना कळायला वेळ लागला. "सांगूक नाय? कित्या?"

"तिचं पहिलं आलं, माझं नाही आलं. म्हणून."

त्या त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या. तो घाईघाईने म्हणाला, "तू तिथे उभी राहशील हे मला माहीत नव्हतं गं. शपथ."

"म्हणजे थंय दुसरा कोण उभा असता," त्या हळूच म्हणाल्या, "तर चालला असता तुका?"

त्या उठल्या, भिंतीचा आधार घेत आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. दीप्तीला मात्र त्या आता स्वतः चहा करून द्यायला लागल्या, आणि तिला काय कळायचं ते कळलं.

टर्मिनल उभं राहिलं. उद्घाटनाला दीप्तीने त्याला चल म्हटलं नाही आणि तोही गेला नाही. नंतर एका कामाच्या दिवशी तो ऑफिसातून लवकर निघाला आणि एकटाच बोरिवलीला गेला. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर बसत तो संध्याकाळपर्यंत तिथेच राहिला. शेवटच्या थांब्यावरून बस सुटली, शेपूट झाडलं, पण ते मोकळ्या जागेवरून फिरलं. दीप्तीने रांग पुढे सरकवली होती आणि फलाटाची कड गोल कापली होती. एक बाई रांगेत पिशवी ठेवून पोरीला स्वच्छतागृहात घेऊन गेली, परत आली आणि आपल्या जागी उभी राहिली. कोणी हुज्जत घातली नाही. सुबोधला हेवा वाटला. निकालाच्या दिवशी वाटला होता तेवढाच, तसूभर कमी नाही. आपल्याला वाटलं होतं की एवढं सगळं झाल्यावर हा किडा मरेल, पण तो काही मरत नाही, हे त्याने तिथे बसल्या बसल्या स्वतःशी कबूल केलं.

घरी आला तेव्हा दीप्ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती.

"मी बोरिवलीला गेलो होतो," तो दारात उभा राहून म्हणाला.

तिचे हात थांबले. बऱ्याच दिवसांत तिने त्याला कामाबद्दल काही विचारलं नव्हतं. आताही विचारेल असं त्याला वाटलं नाही. पण ती म्हणाली, "कसं वाटलं?"

"तिसऱ्या थांब्यावर उतरतं ऊन थेट डोळ्यांवर येतं. लोक बाक सोडून खांबामागे उभे राहतात."

"आणखी?"

"आणखी काही सापडलं नाही." तो थांबला. "मी शोधत होतो, दीप्ती. पूर्ण वेळ शोधत होतो."

"माहितेय मला," ती म्हणाली.

तिने कणकेचा गोळा झाकून ठेवला, हात धुतले. बराच वेळ नळ चालू होता.

"उद्या ऑफिसातून लवकर निघ," ती पाठमोरीच म्हणाली. "मला ते ऊन दाखव."